थुंकीचे टाके

भोरकड्याच्या माथ्यावर, पडक्या सदरेच्या मागे, धोंड्यांनी बुजवलेले एक टाके आहे. वर येणारा गावकरी आधी तिथे थुंकतो, मग देवीला जातो. पाहुण्यांनी नाक मुरडू नये. ऐकून घ्यावे, मग थुंकायचे की नाही ते ठरवावे.

गडावर वस्ती होती तेव्हाची गोष्ट सांगतात. खाली लुटारूंची टोळी फिरत होती, म्हणून गडाच्या हवालदाराने दरवाजा बंद केलेला. पिण्याला हे एकच टाके; हवालदारापुरते पाणी तेवढे सदरेवर रांजणात आधीच भरून ठेवलेले. त्यात रेडकू पडून मेले. कोणाच्या लक्षात येईतो ते फुगून वर आले, कातडे सुटले, पाण्यावर तवंग धरला. गडाचे पाणी भरणाऱ्या साळू कोळणीला घागर बुडवताना ओकारी आली. घरी तिची सून भिवरा ओली बाळंतीण, तेच पाणी पिऊन उलट्यांनी गळालेली.

साळू कारभारी राघोजीकडे धावली. "कारभारी, रेडकू मेलंय, पाणी सडलंय. दरवाजा उघडवा, नदीवरनं आणू द्या. सून मरंल माझी."

राघोजी मोठा आदबशीर माणूस. मोठ्यांपुढे अभद्र शब्द काढायचा नाही. दिवा विझला म्हणायचा नाही, मीठ संपले म्हणायचा नाही; सगळे 'वाढले' म्हणायचा. तसाच हात जोडून सदरेवर गेला.

"सरकार, टाक्यातलं पाणी वाढलं."

"वाढलं? बरं झालं," हवालदार म्हणाला. "मग दरवाजा बंदच राहू दे."

राघोजीला घोटाळा कळला. पण धन्याला दुरुस्त करणे आदबीत बसत नव्हते. मुजरा केला आणि पाठ न दाखवता परतला. किळस येते ती याची. रेडकाची नव्हे.

साळूने दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वाट पाहिली. मग घागर भरून सदरेवर चढली आणि हवालदाराच्या भरल्या ताटात उपडी केली. केस, कातडे, सगळे.

"साळूबाई, आदब!" राघोजी कुजबुजला.

"कालपासनं तुझी आदबच पाजतीय सुनेला," ती म्हणाली आणि हवालदाराकडे वळली. "हे पाणी पितो आम्ही. सडलंय. माणसं मरत्यात."

हवालदार तोंड दाबून उठला. दरवाजा तेव्हाच उघडला. नदीचे पाणी वर आले, पण भिवराचे ओठ ओले करण्यापुरतेच त्याचे काम उरले होते, म्हणे. तिची माती झाल्यावर साळू टाक्यावर गेली, थुंकली, आणि पहिला धोंडा तिने टाकला.

टाके त्याच महिन्यात बुजले. शब्द मात्र राहिला. आजही खालच्या कडेवाडीत कुणाला आदबशीर म्हटले तर तो अंगावर धावून येतो. आणि स्थळ घेऊन आलेला परगावचा मध्यस्थ चुकून "मुलगा फार आदबशीर आहे" म्हणाला, तर मुलीचा बाप त्याच्यापुढची चहाची कपबशी उचलून आत नेतो.