मागून येणारी चाकं

फार फार पूर्वीची गोष्ट. इतकी पूर्वीची, की तिथल्या राजाचं नाव आज कुणाला आठवत नाही आणि त्याच्या राज्याची वेसही कुणाला दाखवता येत नाही. राज्य पश्चिमेकडे, खूप लांब होतं, एवढं मात्र खरं. त्या राज्यातून एक रुंद, संथ नदी वाहायची आणि तिच्या दोन्ही काठांनी सायकलच्या वाटा होत्या.

नदीकाठच्या एका गावात दोघे भाऊ पावाची भट्टी चालवायचे. दर उन्हाळ्यात भट्टी थंड करून ते सायकली बाहेर काढत, डाव्या काठानं दिवसभर जात आणि संध्याकाळी कुठल्या तरी कुरणात तंबू ठोकत. थोरल्याची छाती लहानपणापासून अधू, म्हणून तो सावकाश चालवायचा. धाकटा पुढे जायचा, वाट बघत थांबायचा आणि हसून म्हणायचा, "आलास का एकदाचा!"

एका हिवाळ्यात थोरला आजारी पडला. धाकट्याला त्याच्या खोलीत जायचा धीर होईना. तो भट्टीपाशी पीठ मळत राहिला, आणि आत थोरल्यानं प्राण सोडला.

धाकटा रडला नाही. भावाचं नावसुद्धा त्यानं पुन्हा तोंडातून काढलं नाही. दुसऱ्या कुणी काढलं, तर तो उठून जायचा.

उन्हाळा आला तसा तो एकटाच निघाला. डाव्या काठावरची माणसं ओळखीची, ती विचारणार. म्हणून त्यानं पूल ओलांडला आणि उजवा काठ धरला. तिथे त्याला कुणीच ओळखत नव्हतं.

ऊन वर आलं तेव्हा तो एका बागेपाशी पाणी प्यायला थांबला. बागवाल्या बाईनं त्याच्या हातावर दोन सफरचंदं ठेवली.

"एक पुरे, बाई."

"अन् मागच्याला?" तिनं वाटेकडे बोट दाखवलं. "केवढा दमलाय बिचारा. येऊ दे की त्याला."

त्यानं वळून पाहिलं. पांढरी वाट, दुतर्फा उंच झाडं. वाटेवर चिटपाखरू नव्हतं. बाईला ऊन लागलं असेल, असं म्हणून तो निघाला.

पुढे एक उपनदी आडवी आली. नावाड्यानं त्याला सायकलसकट नावेत घेतलं, पण नाव काही सोडेना.

"चला की!"

"त्यांना चढू द्या आधी," नावाडी म्हणाला आणि रिकाम्या काठाकडे बघत त्यानं हात पुढे केला. "सांभाळून हं. फळी ओली आहे."

नाव एका बाजूला कलली. पाणी नावेच्या कडेशी चढलं, आणि मग हळूच सगळं स्थिरावलं.

पलीकडे पोचताच धाकटा जीव खाऊन पॅडल मारत सुटला.

आता त्याला ऐकूही येऊ लागलं. त्याच्या चाकांमागे आणखी दोन चाकांचा आवाज. तो थांबला की थांबायचा, निघाला की निघायचा. एका गावात मोठा कुत्रा भुंकत त्याच्या अंगावर आला, त्याला वळसा घालून मागे गेला आणि रिकाम्या वाटेवर शेपूट हलवत उभा राहिला. कुणी कान खाजवत असावं, तसे त्याचे डोळे मिटले होते.

त्या दिवशी द्राक्षांचे मळे गेले, किल्ले गेले, घंटा वाजणारे मनोरे गेले. धाकट्याला काही दिसलं नाही.

सूर्य कलला तेव्हा त्याच्या पायांत त्राण उरलं नव्हतं. नदीच्या वळणावर शेळ्या राखणाऱ्या एका आजीचं कुरण होतं. तिनं तंबूची जागा दाखवली आणि थोड्या वेळानं बटाट्याचं गरम सूप आणलं. वाडगे दोन होते.

"मी एकटा आहे!" तो ओरडला. "सकाळपासून एकटा आहे. तुम्हा सगळ्यांना झालंय तरी काय?"

आजी रागावली नाही. वाडगे गवतात ठेवून ती खाली बसली. "बाळा, ही नदी दर पुरात कुणा ना कुणाला नेते. त्यामुळे इथल्या माणसांचे डोळे गेलेल्यांना बघायला सरावलेत. तुझ्यामागे जो बसलाय, त्याला नाही कसं म्हणू?"

"कसा... कसा दिसतो?"

"तुझ्यासारखाच. जरा मोठा. बाह्यांना पीठ लागलंय. एक हात छातीवर धरून धापा टाकतोय."

त्याच्या हातातली तंबूची खुंटी गळून पडली. त्यानं सायकलकडे पाहिलं. अजून उजेड होता. अजून पळता आलं असतं.

"पळ हवं तर," आजी म्हणाली. "तू पळालास की तोही पळेल. पण त्याची छाती फुटायला आलीय रे."

"मला न्यायला आलाय का तो?"

"न्यायला आलेला असा मागे राहतो का? तू कधी थांबतोस, याची वाट बघतोय."

धाकटा वळला. समोर गवत होतं, नदी होती, मावळतीचा तांबूस उजेड होता. दुसरं काहीच नव्हतं. पण कुणाचा तरी जड श्वास त्याला स्पष्ट ऐकू येत होता. तरी तो मांडी घालून बसला आणि दुसरा वाडगा त्यानं पुढे सरकवला.

"टोबियास," तो म्हणाला.

हिवाळ्यानंतर पहिल्यांदाच ते नाव त्याच्या ओठांवर आलं, आणि त्यामागोमाग सगळंच आलं. "मी आत यायला हवं होतं. दारापर्यंत येऊन परत जायचो मी. तुझी धाप ऐकवत नव्हती मला." तो हमसून हमसून रडला. आजी शेळ्या बांधायला निघून गेली.

समोरचा श्वास हळूहळू संथ झाला, आणि मग नुसता नदीचा आवाज उरला.

सकाळी आजीनं एकच पेलाभर दूध आणलं.

"आणि तो?"

"गेला. सावकाश, चालत गेला."

धाकट्यानं वळून रिकाम्या वाटेकडे पाहिलं. काल ज्याच्यापासून पळालो, तो आज मागे नाही, हे त्याला सोसवेना. पण त्यानं दूध संपवलं, आजीच्या पाया पडला आणि नदी ओलांडून डाव्या काठानं परत निघाला.

ओळखीच्या पहिल्याच घरातून हाक आली, "एकटाच रे? टोबियास कुठाय?"

तो सायकलवरून उतरला, पायरीवर बसला आणि त्यानं सांगितलं. घरधनीण रडली, तोही रडला. मग एकदा टोबियासनं तिच्याच परसात अंधारात खुंटी समजून सुपाचा चमचा कसा ठोकला होता, ते आठवून दोघं हसली. असं घरोघरी झालं. एका दिवसाची ती वाट, पण घरी पोचायला त्याला आठवडा लागला.

लहानांनो आणि थोरांनो, दुःखाला पाठ दाखवली तर ते पाठलाग करतं; समोर बसवून घेतलं तर ते निरोप घेतं.