चिचुंद्रीचा ठसा

त्या राज्यात नदीचं पाणी कुणी पीत नसे. सगळी प्रजा बीअर पीत असे. सातूची ही बीअर अस्वलाच्या भट्टीत तयार होई, आणि चिचुंद्रीच्या पंजाचा ठसा उमटल्याशिवाय तिथलं एकही पिंप बाजारात जात नसे. बूच काढायचं, वास घ्यायचा, पंजा शाईत बुडवून झाकणावर टेकवायचा, एवढंच तिचं काम. त्याबदल्यात भट्टीच्या उबदार भिंतीत तिला बीळ मिळालं होतं आणि तिची चार पिल्लं तिथेच वाढत होती.

त्या वर्षी सातूवर कीड पडली. पांढरी भुकटी पाण्यात कालवून शेतांवर फवारली गेली. कीड मेली, सातू भट्टीत आला, त्याची बीअर झाली. चिचुंद्रीने पहिल्या पिंपाला नाक लावलं आणि झटकन मागे घेतलं. आणखी तीन पिंपं हुंगली. मग शाईची वाटी तिने बाजूला सारली.

"भुकटी उतरलीय यात," ती म्हणाली.

"स्वतःच्याच अंगाचा वास आला असेल, चिचुंद्रीबाई!" अस्वल म्हणालं, आणि सगळी भट्टी खो खो हसली. असल्या टिंगलीची तिला जन्मापासून सवय होती. पंजा काही तिने पुढे केला नाही.

प्रकरण गवा राजाच्या दरबारात गेलं. कारकून साळिंदराने कायद्याची पोथी उघडली. दुधात किती भुकटी चालेल ते तिच्यात लिहिलं होतं, गवतात किती चालेल तेही होतं. बीअरचं पान कोरं निघालं.

"मापच नाही, तर जास्त झाली कशी म्हणायची?" साळिंदराने विचारलं. राजाला हे फार पटलं, कारण त्याच्यापुढे भरलेला पेला होता.

"मग माप लिहा," चिचुंद्री म्हणाली. "तोवर ठसा मिळणार नाही. हवा तर पंजा तोडून घ्या आणि तुमचे तुम्हीच उमटवत बसा!"

पंजा कुणी तोडला नाही. बीळ तेवढं काढून घेतलं. भर बाजारातून ती निघाली. एका पिल्लाने तिची शेपटी तोंडात धरलेली, त्याची दुसऱ्याने, अशी ती माळ चालली होती. दर दुकानाशी थांबून ती सांगत होती, "पिऊ नका. किडीवर मारली तीच भुकटी आहे यात." मान खाली घालायची वेळ तिच्यावर नाही, बघणाऱ्यांवर आली.

तिच्या जागी कासव नेमलं गेलं. ते मान आत ओढून ठसे मारी, त्यामुळे कामाचा उरक दांडगा होता.

पुढच्या बाजाराला सशांची रांग भट्टीपासून पार वेशीपर्यंत गेली. अस्वलाचा आनंद गगनात मावेना. त्याने स्वतःच्या हाताने पहिल्या पिंपाची तोटी सोडली आणि रांगेतल्या पहिल्या सशाकडे पेला मागितला.

सशाने पाठीवरचा फवारणीचा पंप उतरवून तोटीखाली धरला.

"कोबीवर मावा पडलाय, शेठ," तो म्हणाला. "पाण्यात किती मिसळायची?"