सैल खुंटीचा झरा

यातला एक शब्द तरी खरा मानून दाखवा, मग तुम्हांला मानलं. बसा. तंबूकडं तोंड करून नको, माझ्याकडं बघा. हां, असं.

हा कातळाखालचा झरा बघितला न्हवं? सगळं रान वाळून कुसळ झालंय, फॉरेस्टवाल्यांनी लावलेली झाडंबी माना टाकून उभी, आन् ह्यात मातूर ढोपरभर पाणी. माणूस ठाण मांडून बसलं की पाणी खाली जातं, माणूस हललं की वर येतं. हसा, हसा. चष्म्यावाला दादा तर कवाचा दात काढतोय.

फार मागं, म्हणे, असाच दुष्काळ पडलेला. मायाप्पा धनगर मेंढरं घिऊन हितं आला. बायकू ठकू, दिवस भरलेली. झरा कोरडा ठाक. ठकूनं कातळाला हात लावला न् बोलली, "माझं लेकरू सुखरूप होऊ दे. बारसं झालं की पाल उठवीन, पुढल्याला जागा सोडीन." असं सांगत्यात, तिचं बोलणं संपायच्या आत कातळ पाझराय लागला.

पोरगी झाली. बारसं झालं. पण मायाप्पाला पाणी गोड लागलं. "जन्मभर हिंडलो, आता न्हाई हिंडत," म्हणला, आन् पालाच्या सगळ्या खुंट्या दगडानं पार गाडल्या. लगेच पाणी वीतभर खाली. ठकू खुंटी उपटायची, त्यो परत ठोकायचा.

"अगं येडे, पाण्याला काय खुंट्या दिसत्यात व्हय?"

"त्येला दिसू न्हाईतर न दिसू. शब्द मी दिलाय."

पाणी तळाला गेलं. मेंढरं कातळ चाटाय लागली. ठकूचं दूध आटलं, पोरगी रडून रडून गप झाली.

पोरगी गप झाली तशी ठकू उठली. एक खुंटी उपटून पदरात बांधली, पोरीला पाठीशी घेतलं, न् निघाली उन्हात. मागं वळून बघितलं न्हाई. तिच्या मागं म्होरक्या मेंढा, त्येच्या मागं सगळा कळप. हिकडं पाल लागलं फडफडाय. मायाप्पा किती येळ धरून बसंल? गुंडाळलं न् शिव्या देत पळाला. शेवटची मेंढी टेकाडापल्याड गेली, आन् मागं झरा बुडबुडला म्हणे. ठकूला पुढल्या झऱ्यावर पाणी गावलं. तिथनं कुणीतरी नुकतंच उठून गेलं हुतं. पोरगी जगली. तिच्याच वंशातली मी. खोटं वाटतंय? वाटू द्या.

आजबी हितं मुक्कामाला आलेलं माणूस एक खुंटी सैल ठेवतं. कापड रातभर फडफडतं, डोळ्याला डोळा लागत न्हाई, उजाडलं की आपणहून वाट धरतं. तुम्ही मातूर चार दिस ऱ्हाणार म्हणला, न् सगळ्या खुंट्या हातोडीनं गच्च!

मगाशी तुम्ही झऱ्यात वाकून फोटू काढत हुता न्हवं? तवा ही म्हातारी काय करत हुती, इचारा की. ही बघा तुमची खुंटी, पदरात.

आता वळा मागं. तुमचा तंबू बाकीच्या खुंट्या उपटून निघाला बाभळीकडं. माझ्या तोंडाकडं काय बघताय? पळा त्येच्या मागं! जावा आता.