दुसऱ्या बटणाखालची मुलगी

"...पण सर, उंचीचं काय करायचं?"

हर्षवर्धन ठवकरांनी हा प्रश्न पुन्हा विचारला. शंभरकर मास्तर भुईमुगाच्या शेंगा सोलत होते. त्यांनी एक टरफल फुंकून उडवलं आणि ते कुठे जाऊन पडतंय ते नीट बघितलं.

ठवकर हे नागपूरच्या एका निवासी क्रीडा केंद्राचे निवडकर्ते. बास्केटबॉलसाठी शाळकरी मुली हेरत ते विदर्भभर फिरत. एकेकाळी हिंगणघाटच्या याच सिमेंटच्या मैदानावर, याच मास्तरांच्या हाताखाली ते खेळले होते आणि पुढे राज्याच्या संघापर्यंत पोचले होते. उंची सहा फूट चार इंच. ती मिळवण्यासाठी त्यांना काही करावं लागलं नव्हतं. पण ज्यासाठी कष्ट पडले नाहीत, त्याचाच अभिमान माणसाला जास्त असतो.

निवडीची त्यांची एक रीत होती. मुलीला आपल्याशेजारी उभी करायची. तिचं डोकं आपल्या सदऱ्याच्या दुसऱ्या बटणाच्या वर गेलं, तर पुढचं बघायचं. खाली राहिलं, तर डोक्यावरून हात फिरवून "अभ्यास कर बेटा" म्हणायचं. त्यांच्यामुळे विदर्भात अभ्यासाला लागलेल्या मुली बऱ्याच होत्या.

पायल आत्रामचं डोकं तिसऱ्या बटणाशीच थांबलं होतं.

"दुसरं कोणी असतं तर मी गाडीतून उतरलोही नसतो," ठवकर म्हणाले. "तुम्ही बोलावलं म्हणून तासभर बसून बघितलं. चपळ आहे, मान्य. पण तासाभरात एक बास्केट नाही टाकली तिनं."

"नाही टाकली," मास्तर म्हणाले.

"मग?"

"शेंगदाणे घे."

केंद्रात एकच जागा उरली होती. पायल दहावीत. गावात दहावीनंतर मुलींचा संघ नव्हता. केंद्रात घेतली तर राहणं, जेवण, कॉलेज आणि खेळ. नाही घेतली तर यंदाच्या परीक्षेबरोबर चेंडूही संपला. हे तिला माहीत होतं, आणि ते माहीत नसल्यासारखी ती मैदानात फिरत होती.

"आर्वीची एक मुलगी आहे," ठवकर म्हणाले. "पाच फूट दहा. पळताना पायात पाय अडकतो तिचा. पण पाच फूट दहा."

"सुटतील पाय."

"तेच म्हणतो मी."

"आर्वीची घे मग."

ठवकर जरा खट्टू झाले. मास्तर गळ घालतील, आपण आढेवेढे घेऊ आणि शेवटी गुरूच्या शब्दाखातर मन मोठं करू, असा बेत ते वाटेत गाडीतच करून आले होते. मन मोठं करायला समोरून मागणी यावी लागते. ती येत नव्हती.

"तुम्ही नुसतं 'घे' म्हणा, सर. मी घेतो. वर सांगतो, सरांचा शब्द होता."

"मी काऊन म्हणू? बघायला तू आला."

"बघितलं ना मी."

मास्तरांनी पुढची शेंग फोडली.

ऊन उतरलं तशी कॉलेजची दोन पोरं मैदानावर आली. रोजचीच. दोघंही ताडमाड, दोघांनाही नुकत्याच मिशा फुटलेल्या आणि त्यांची काळजी घेणं चाललेलं. मास्तरांनी हाक मारली.

"अरे, या सरांना थोडं खेळवा. दोघास दोघं. सरांच्या बाजूनं पायल राहील."

"मी?" ठवकर म्हणाले. "सर, दहा वर्षं चेंडूला हात लावला नाही."

"बूट काढ."

गुरूसमोर राज्य पातळीचा खेळाडूही आठवीतलाच असतो. ठवकरांनी बूट काढले, मोजे घडी करून त्यात ठेवले, घड्याळ मास्तरांच्या हाती दिलं आणि पोट आत ओढून मैदानात उतरले. पोट फार वेळ आत राहिलं नाही.

पायल जवळ आली. मान वर करून म्हणाली, "काका, तुम्ही पळू नका. बास्केटखाली राहा अन् हात वर करत जा. बाकी माझ्यावर सोडा."

नागपुरात त्यांना सगळे सर म्हणत. 'काका' ऐकून ते एवढे दुखावले, की पुढचं त्यांनी ऐकलंच नाही. ते पळाले.

दोन फेऱ्यांत त्यांना धाप लागली. मग ते आपोआप बास्केटखाली येऊन उभे राहिले. एक मिशीवाला पोरगा समोर आडवा आला. ठवकर डावीकडे झुकले. हात वर गेला...

चेंडू हातात होता.

त्यांनी तो टाकला. जाळी हलली.

ठवकरांच्या चेहऱ्यावरची दहा वर्षं गेली.

पुढचा चेंडू उजवीकडे मिळाला, अगदी छातीशी. त्यानंतरचा दोघा पोरांच्या मधून, जिथून मांजरही गेलं नसतं. एकदा ते चुकीच्या दिशेला वळले, तर चेंडूही चुकीच्या दिशेला हजर. पोरं आता चिडून खेळू लागली होती.

"अबे, काकाले धर ना!" एक ओरडला.

"धरलंच आहे बे," दुसरा म्हणाला. "चेंडू कुठून येते ते सांग."

या वेळी 'काका' शब्दाचं ठवकरांना काही वाटलं नाही.

शेवटी ते घामानं निथळत, अनवाणी, लंगडत आणि अत्यंत सुखात परत आले. मास्तरांच्या शेजारी बसले. पाणी प्यायले. अर्धं सदऱ्यावर सांडलं, त्याचंही सुखच वाटलं.

"सर, हात अजून आहे."

"आहे."

"ती डावीकडची बघितली? मागं न बघता टाकली."

"बघितली."

"पोरं उंच आहेत, तयार आहेत. पण जागा हेरता यायला पाहिजे, सर. ते शिकवून येत नाही. ते आतूनच असतं."

"असतं ना."

ठवकरांनी मूठभर शेंगदाणे उचलले. आपण या गावी कशासाठी आलो आहोत, हे ते क्षणभर विसरले होते आणि विसरून बरे होते.

"चेंडू कसा यायचा?" मास्तरांनी विचारलं.

"म्हणजे?"

"तुझ्याकडे."

"यायचा," ठवकर म्हणाले. "हात वर केला की हातात असायचा."

"अन् पोट्टी कशी वाटली?"

"कोणती..."

ठवकरांचा हात तोंडाशी जाता जाता थांबला.

त्यांनी मैदानाकडे बघितलं. खेळ पुन्हा सुरू झाला होता. त्यांच्या जागी आता आठवीतली एक लठ्ठशी मुलगी बास्केटखाली उभी होती. मिशीवाल्या पोरांपैकी एक चेंडू आपटत ऐटीत पुढे येत होता. चेंडू जमिनीवर गेला. वर आला तेव्हा पोराचा हात रिकामा होता आणि तो हाताकडे बघत होता. पायल केव्हाच पलीकडे पोचली होती. ती त्या लठ्ठ मुलीकडे बघतही नव्हती. मुलीनं घाबरत घाबरत हात वर केला...

चेंडू हातात.

जाळी हलली. लठ्ठ मुलगी आपल्याच हातांकडे बघून हसायला लागली. ते हसू ठवकरांना ओळखीचं वाटलं. थोड्या वेळापूर्वीचं होतं ते, त्यांच्याच तोंडावरचं.

या खेपेला त्यांनी चेंडू बघितलाच नाही. चेंडूच्या आधी मुलगी कुठे जाते, तेवढंच बघत राहिले.

"मला दिसलीच नाही, सर," ते हळूच म्हणाले.

मास्तर शेंग सोलत होते.

"तासभर इथं बसलो, दिसली नाही. तिच्यासोबत खेळलो, तरी दिसली नाही."

मास्तरांनी सोललेला दाणा त्यांच्या तळहातावर ठेवला. ठवकरांनी तो मुकाट्यानं खाल्ला. मग मोजे उलगडले, पण पायात घातले नाहीत. सिमेंट अजून गरम होतं आणि पायांना बरं वाटत होतं.

"घेतो तिला," ते म्हणाले. "तुमच्या शब्दानं नाही. माझ्या."

"बरं."

"पण वर पहिला प्रश्न एकच येईल, सर. उंची किती? ... काय सांगू?"

मास्तरांनी शिष्याकडे अनवाणी पावलांपासून घामेजल्या टाळूपर्यंत सावकाश बघितलं.

"तुझी सांग."