तीन गोण्यांचा सांगाडा

एका बंदरावर रायाजी नावाचा हमाल होता. गलबतातून उतरलेला माल पाठीवर घेऊन तो शेटजींच्या वखारीत पोचवत असे. एका खेपेला एक गोणी, असा तिथला रिवाज होता. तरुणांना तो सोपा जाई, म्हाताऱ्यांना कसाबसा झेपे.

त्याच गावातल्या सावळाराम लोहाराच्या बायकोचे पाय लुळे पडले. तिच्यासाठी त्याने पोलादी पट्ट्या आणि कमानी जोडून एक सांगाडा घडवला. तो कमरेला आणि पायांना बांधला की ती घरभर हिंडे, पाणीसुद्धा भरे. रायाजीने ते पाहिलं आणि तो लोहाराच्या मागे लागला, "मलाही एक करून दे."

"तुझे पाय धड आहेत," सावळाराम म्हणाला. "पायांचं काम कमानी करू लागल्या की पाय ते विसरतात. तिला दुसरा इलाज नाही म्हणून केला."

रायाजी ऐकेना. शेवटी लोहाराने सांगाडा करून दिला. रायाजी एका खेपेत तीन गोण्या नेऊ लागला. सगळं बंदर बघत राहिलं.

शेटजींनी त्याला बोलावून घेतलं. "असे पन्नास सांगाडे मी करवून घेतोय, तुझाही विकत घेतो. पुढच्या महिन्यापासून प्रत्येकाने तीन गोण्या न्यायच्या. म्हातारे म्हणतात, जमणार नाही. तू वापरला आहेस, तूच सांग. हो म्हणालास तर मुकादम तू."

धाकू दारातच उभा होता. पन्नाशी ओलांडलेला हा माणूस. रायाजीला हमाली त्यानेच शिकवली होती. आणि सांगाडा बांधल्यापासून रायाजीच्या कमरेत रोज कळा येत होत्या. ते त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

"काही त्रास नाही, शेटजी," रायाजी म्हणाला. "ज्याला काम करायचं नाही, तोच नाही म्हणेल."

धाकूने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि तो निघून गेला. पुढच्या महिन्यात सांगाडे आले. आठ दिवस धाकूने सांगाडा बांधून ओझी वाहिली. नवव्या दिवशी तो गलबतावरून उतरायच्या फळीवरून गोण्यांसकट खाली पडला, तो पुन्हा उठलाच नाही. मग बाकीचे म्हातारे एकेक करून घरी बसले. जे उरले त्यांचं काम तिप्पट झालं, मजुरी होती तेवढीच राहिली.

तीन वर्षं रायाजीने सांगाडा बांधूनच मुकादमी केली. मग त्याची कमर कायमची धरली. शेटजींनी सांगाडा काढून घेतला आणि दुसऱ्या एका तरुणाला बांधला. सांगाड्याशिवाय रायाजीला उभंही राहता येईना. वर्षभर भिंत धरून धरून तो चालायला शिकला. अंगात थोडं बळ आलं तसा वखारीत गेला.

"शेटजी, एक गोणी अजूनही नेऊ शकेन."

"एका गोणीचं काम आता या बंदरावर नाही, रायाजी," शेटजी वर न बघता म्हणाले.

रायाजी वखारीच्या पायरीवर बसला. समोरून त्याचे जुने सोबती जात होते. त्याला वाटलं, कुणीतरी थांबेल, दोन शब्द बोलेल. कुणी थांबलं नाही. थांबणार तरी कोण? प्रत्येकाच्या पाठीवर तीन गोण्या होत्या.

तात्पर्य: यंत्राने वाढवलेल्या बळाच्या मापाने जो दुसऱ्यांना मोजू देतो, तो माणसाच्या स्वतःच्या बळाला किंमतच उरू देत नाही, आणि त्यात त्याचं स्वतःचं बळही आलं.