एकच जोडवं

कोल्हापुरात वत्सला मेस्त्री सिनेमाची पोस्टरं रंगवायची. एका नव्या चित्रपटासाठी तिनं कोऱ्या पांढऱ्या कागदावर फक्त एक पायरी आणि तिच्यावर पडलेलं एकच जोडवं रंगवलं.

थिएटरचे मालक रावसाहेब इंगवले ते पाहून भडकले. "नायक कुठाय? मारामारी कुठाय? असलं रिकामं पोस्टर माझ्या दारावर लागायचं नाही!"

वत्सलानं आठ दिवस खपून केलेलं काम होतं ते. रावसाहेब तरातरा दारापर्यंत गेले, थबकले आणि परत आले.

"पण काय गं, हे जोडवं कुणाचं? ती बाई गेली कुठं?"

वत्सलाला हसू फुटलं. "हेच कळायला लोक तिकीट काढतील, रावसाहेब. नायक नि मारामारी रंगवली असती, तर तुम्ही तरी माघारी फिरला असता का?"

रावसाहेब खो खो हसले आणि स्वतःच शिडी आणायला निघाले.