मोगऱ्याचा फ्रॉक

समुद्राची गाज जिथे केळीच्या पानांतून झिरपत येते, अशा एका हिरव्यागार गावात अग्नेस नावाची इवलीशी मुलगी राहत होती. सगळे तिला आगू म्हणत. आगूचे बाबा ती पाळण्यात असतानाच तापाने गेले. तिची आई, रेजिना, दिवसभर लोकांच्या बागांत राबायची. केळीचे घड वाहायची, पानवेलींना पाणी सोडायची आणि संध्याकाळी घरी आली की खोकत खोकत चूल पेटवायची. कधी चुलीवर भात शिजे, तर कधी नुसतंच पाणी उकळत राही.

अशा वेळी शेजारच्या कुंपणावरून हाक यायची, "आगूबाय, वाटी घेऊन ये गं!"

ती पावलीणमावशीची हाक असायची. वाटीत वाफाळती पेज असायची आणि वर लोणच्याची लालचुटुक फोड.

पावलीणमावशी एकटीच होती. तिचा मुलगा इनास मासेमारीच्या बोटीवर गेला, तो परत आलाच नाही. जाण्याआधी त्यानं अंगणात वेलमोगरा लावला होता. तो वेल वाढत वाढत छपरावर चढला. सकाळी बघावं तर जणू पांढऱ्या टिकल्यांची चादरच पांघरलेली. मावशी ओंजळभर फुलं मारियामातेच्या तसबिरीपुढे ठेवायची आणि उरलेल्यांचे गजरे करून बाजारात विकायची. त्यावरच तिचं घर चालायचं. पण गजरे ओवताना ती गप्प असायची. इनासचं नाव तिच्या तोंडून कधी निघत नसे.

आगू मोठ्या मायेची पोर होती. वाटेत उलटा पडलेला किडा दिसला, तरी ती काडीनं त्याला सरळ करायची. आपल्या पेजेतले दोन घास लंगड्या मांजरीला द्यायची. आईचे पाय चेपताना गाणं म्हणायची. तिनं कधी कुणाकडे काही मागितलं नव्हतं.

पण त्या वर्षी गावातल्या तिच्या वयाच्या मुलींना पहिला ख्रिस्तप्रसाद मिळायचा होता. देवळात वेदीपुढे जायचं, फादर कैतान यांच्या हातून तो पवित्र घास घ्यायचा, आणि येशूबाळ आपल्या मनात राहायला यायचा! मुलींना दुसरं काही सुचत नव्हतं. प्रत्येकीच्या घरी पांढरा शुभ्र फ्रॉक शिवला जात होता. कुणाच्या फ्रॉकला झालर, कुणाच्या बाहीवर चिमुकली फुलं.

आगूकडे एकच फ्रॉक होता. निळा, विटका, दोनदा उसवून मोठा केलेला.

"येशूला निळा रंगही आवडतो, बाय," आई म्हणाली. पण हे बोलताना तिनं तोंड फिरवलं. आईचे डोळे भरलेत, हे आगूला न बघताच कळलं.

ती बागेत पळाली. केळींच्या मधून पाण्याचा पाट झुळझुळ वाहत होता. उन्हाचे सोनेरी कवडसे पाण्यावर नाचत होते. तिथे बसून आगू मुसमुसत होती, तेवढ्यात तिला एक बारीकसा आवाज ऐकू आला. पाण्यात पडलेल्या केळीच्या पानाखाली काहीतरी फडफडत होतं. चतुर असेल, असं वाटून तिनं पान हळूच उचललं.

ती एक परी होती! करंगळीएवढी, खंड्या पक्ष्यासारखी निळीनिळी. तिचे पारदर्शी पंख चिंब भिजून एकमेकांना चिकटले होते. आगू आपलं रडणं विसरली. तिनं परीला तळहातावर घेतलं, फ्रॉकच्या टोकानं टिपलं, आणि हळू हळू फुंकर घालत राहिली. पंख सुकले, उलगडले, आणि त्यांवर सातही रंग चमचमले.

"तू मला वाचवलंस, आगू," परी म्हणाली. तिचा आवाज घुंगरासारखा किणकिणला. "मी तुझ्या दोन इच्छा पुऱ्या करीन. पण आधी नीट ऐक. काहीच नसताना नवं काही घडवणं, हे फक्त देवाचं काम. मीही त्याचीच लेक, पण माझे हात एवढेसे. मी फक्त इथलं तिथे नेते. जिथून नेते, तिथे रितं होतं. आणि एकदा नेलेलं मला परत ठेवता येत नाही."

"मला पांढरा फ्रॉक हवा!" आगू एका दमात म्हणाली. "देवळात घालायला!"

परी क्षणभर घुटमळली. "कुठून आणू, ते विचारणार नाहीस?"

"कुठूनही आण!" आगूनं टाळी वाजवली.

परीचे पंख जरासे मिटले. पण तिनं शब्द दिला होता. निळी ठिणगी लकाकली, आणि आगूच्या मांडीवर एक फ्रॉक येऊन पडला. दुधाहून पांढरा, सायीहून मऊ! त्याच्या झालरीवर दवाचे थेंब मोत्यांसारखे थरथरत होते. आणि काय त्याचा सुगंध!

"एका बाईनं दिला," आगूनं आईला सांगितलं. आईनं फ्रॉक गालाला लावला आणि देवाचे आभार मानता मानता रडली. ते बघून आगूला आनंद व्हायला हवा होता. पण छातीत काहीतरी टोचलं.

सकाळी शेजारून हुंदके ऐकू आले. आगू धावत गेली आणि कुंपणाशीच थबकली.

छपरावरचा वेलमोगरा काळा पडला होता. एकही फूल नव्हतं, एकही कळी नव्हती. पानं कोळपली होती आणि वाळक्या फांद्या वाऱ्यावर कडकड वाजत होत्या. पावलीणमावशी वेलाच्या बुंध्याला हात लावून बसली होती.

"कीड लागली असेल गं," ती आगूला म्हणाली. "कालपर्यंत चांगला होता. त्याच्या हातचं एवढंच राहिलं होतं माझ्याकडे."

आगूच्या नाकात अजून फ्रॉकचा वास होता. तो मोगऱ्याचा वास होता. तिला सगळं कळलं. 'मावशी, मी केलं हे,' एवढं बोलायला हवं होतं. तिनं तोंड उघडलंही. पण रविवार जवळ आला होता, आणि फ्रॉक किती सुंदर होता! आगूनं तोंड मिटलं.

त्या संध्याकाळीही कुंपणावरून हाक आली. गजरे नव्हते, बाजार नव्हता, तरी मावशीनं आपल्या पातेल्यातली अर्धी पेज आगूच्या वाटीत ओतली. आगूला एक घाससुद्धा गिळता आला नाही.

ख्रिस्तप्रसादाआधी मुलींनी फादर कैतानांपाशी आपल्या चुका सांगायच्या होत्या. आगूनं सांगितलं की ती प्रार्थनेच्या वेळी झोपली, आणि एकदा आईला उलट बोलली.

"आणखी काही, बाळा?" फादरांनी विचारलं.

"नाही, फादर," आगू म्हणाली. बाहेर येताना तिला वाटलं, देवळाच्या पायऱ्या आज फार उंच झाल्यात.

रविवार उजाडला. घंटा वाजल्या. पांढऱ्या फ्रॉकांची रांग बगळ्यांच्या माळेसारखी वेदीकडे निघाली. सगळ्यांत शुभ्र आगूच दिसत होती. बायका कुजबुजल्या, "रेजिनाची पोर बघा, अगदी देवदूत!" ते शब्द आगूला काट्यांसारखे लागले. रांग पुढे सरकत होती. वेदीवरच्या क्रुसाकडे तिनं पाहिलं. येशूच्या अंगावर तर धड कपडाही नव्हता. जे होतं नव्हतं ते सगळं त्यानं देऊन टाकलं होतं. आणि आपण? आपण जिच्या हातची पेज खाल्ली, तिच्याच अंगणातून...

आगूची पाळी आली. ती वळली, आणि रांग सोडून धावत सुटली. मागून आईची हाक आली, तरी ती थांबली नाही.

पावलीणमावशी त्या दिवशी देवळात गेली नव्हती. ती वाळलेल्या वेलाखाली बसली होती.

"मावशी," आगू धापा टाकत म्हणाली, "वेलाला कीड नाही लागली. मी फ्रॉक मागितला. परीला म्हटलं, कुठूनही आण. तो इथून आला. वेल वाळला त्या सकाळीच मला कळलं होतं, पण मी बोलले नाही."

मावशीनं फ्रॉकची झालर हातात घेतली, नाकाशी नेली.

"तुला माहीत होतं?" तिनं हळू आवाजात विचारलं. "त्या संध्याकाळी पेज घेताना... तुला माहीत होतं?"

आगूनं मान खाली घातली.

मावशी उठली. घरात गेली आणि तिनं दार लावून घेतलं.

आगूनं घरी येऊन आईला सगळं सांगितलं. आई रागावली नाही. तिनं आगूला निळा फ्रॉक घातला. पांढरा फ्रॉक घडी करून आगूनं मावशीच्या उंबऱ्यावर ठेवला. मग ती फादर कैतानांकडे गेली, आणि या वेळी काहीच लपवलं नाही.

"देवानं तुला क्षमा केली, बाळा," फादर म्हणाले.

"मग मावशी दार का उघडत नाही?"

"तिला दुखलंय म्हणून. देवाच्या क्षमेला वेळ लागत नाही, माणसाच्या दुःखाला लागतो. तू तिथे जात राहा."

आगू जात राहिली. रोज सकाळी पाटाचं पाणी कळशीतून आणून ती वाळक्या वेलाच्या मुळाशी ओतायची, पडलेली पानं गोळा करायची, अंगण झाडायची. दार बंदच असायचं. कुंपणावरून हाक येणं थांबलं होतं. 'त्याच सकाळी बोलले असते तर!' असं तिला दिवसातून कितीदा तरी वाटायचं. वेल काही हिरवा होत नव्हता.

एके दिवशी, ऊन कलून आभाळ केशरी झालं असताना, कळशीच्या काठावर निळी ठिणगी येऊन बसली.

"तुझी एक इच्छा बाकी आहे, आगू," परी म्हणाली.

आगूनं आधी हळूच विचारलं, "वेल पुन्हा फुलेल?"

"दुसऱ्या कुणाच्या अंगणातला बहर आणावा लागेल."

"नको!" आगू घाबरून म्हणाली. "मग तिथे कुणीतरी रडेल." थोडा विचार करून ती म्हणाली, "मग माझं मन चांगलं करशील?"

परी हसली. "मनापर्यंत माझे हात पोचत नाहीत. तिथे फक्त देव येतो."

"मी रोज त्याला बोलावते. पण आला की नाही, तेच कळत नाही."

"आला नसता, तर तू या मेलेल्या वेलाला रोज पाणी घालायला आली असतीस?"

आगू त्या बंद दाराकडे बघत राहिली. आत मावशी एकटी बसली असेल, आजही गप्प. आणि मग तिला अचानक सुचलं.

"परीताई, तू इथलं तिथे नेतेस ना? मावशीच्या मनात जे दुःख आहे, त्यातलं अर्धं माझ्या मनात आणून ठेव."

परी चमकली. "आजवर कुणी असं मागितलं नाही, आगू. तेही परत ठेवता येणार नाही. जन्मभर जड वाटेल."

"असू दे. तिनं मला आपल्यातली अर्धी पेज दिली होती."

परीनं डोळे मिटले. दाराच्या फटीतून धुक्यासारखं काहीतरी करडं, मऊ बाहेर आलं आणि आगूच्या छातीत शिरलं. आगू मटकन खाली बसली. तिनं न पाहिलेला इनास तिला दिसू लागला. त्याचं शीळ घालत येणं, भात खाताना पाय हलवणं, बोटीवर चढताना मागे वळून 'आये, लवकर येतो' म्हणणं. आणि त्यानंतरचा तो लांबच लांब रिकामा किनारा. आगू ओक्साबोक्शी रडू लागली. "इनासदादा! इनासदादा!"

दार उघडलं.

पावलीणमावशी उंबऱ्यात उभी होती. ते नाव या अंगणात किती तरी वर्षांनी कुणी घेतलं होतं. ती खाली आली, आगूजवळ मातीत बसली आणि तिला छातीशी धरून तीही रडली, मोकळी मोकळी रडली.

"वेल आता यायचा नाही, मावशी," आगू हुंदके देत म्हणाली. "माझ्यामुळे गेला."

"नाही यायचा," मावशी म्हणाली. तिनं आगूचे डोळे पदरानं पुसले. "पण तू आलीस ना, बाय माझी. ये, आत ये. मी तुला सांगते, कसा होता तो."

परी दोघींच्या डोक्यावर अलगद उडाली. "निघते मी, आगू," ती म्हणाली. "तुझ्या मनात जो उजेड आहे, तो मी आणलेला नाही." तिच्या पंखांतून आधी निळा, मग सोनेरी, मग लख्ख पांढरा प्रकाश पसरला, केळीच्या पानापानांवर सांडला, आणि त्या प्रकाशातच परी विरघळून गेली.

पुढच्या रविवारी आगू वेदीपुढे उभी राहिली, विटक्या निळ्या फ्रॉकमध्ये. मागे एका बाजूला आई होती, दुसऱ्या बाजूला पावलीणमावशी. आगूनं तो पवित्र घास जिभेवर घेतला आणि डोळे मिटले. छातीत इनासचं दुःख होतंच. त्या दुःखाशेजारी कुणीतरी हळूच येऊन बसल्यासारखं तिला वाटलं.